आंबा टिकतो तो कशाने? आढीने की जातीने?

गळीत हंगाम आटोपला, टोळ्या गावाकडे परतल्या, की आपल्या कार्यक्षेत्रात आंब्याचे दिवस सुरू होतात. ऊस हे आपले पोटाचे पीक. आंबा बहुतेकांच्या घरी बांधावरचा, विहिरीजवळचा, नाहीतर अलीकडे एक-दोन एकरांवर लावलेल्या केशरचा. पण वर्षातून एकदा का होईना, आंब्याचा हिशेब सभासदाच्या दारात येतोच, आणि पुष्कळदा तो तोट्यात जातो. झाडावर माल डोळ्यांत भरतो, काढला की आठ-दहा दिवसांत त्याचे पाणी होते. म्हणून मोहोर दिसला की झाडे उक्ती देऊन मोकळे होणारे सभासद आम्हाला माहीत आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जो माल घरात टिकत नाही त्याचा भाव मालकाला ठरवता येत नाही.

मागे एका मे महिन्यात एक जुने सभासद गट ऑफिसात आले. पिशवीतून तीन आंबे काढून त्यांनी टेबलावर मांडले. एक हापूस, एक केशर आणि एक रायवळ. हापूसची साल सुरकुतून देठाजवळ काळी पडली होती. केशर बोटाने दाबताच खचत होता. रायवळ मात्र टणक, नुकता कुठे पिवळा होऊ लागलेला. तिन्ही एकाच दिवशी स्वतःच्या हाताने उतरवलेले, आणि तो दिवस पंधरावा होता.

"साहेब," ते म्हणाले, "झाडं एका बांधावरची, पाणी एका पाटाचं, आढीचं गवत एका गंजीचं. मग ह्योच का टिकला?"

त्या वेळी आम्ही "साल जाड असेल" असे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. पुढे याबद्दल जे वाचले, जाणकारांकडून जे समजून घेतले, ते सभासदांपुढे ठेवत आहोत.

उसाचा उलटा व्यवहार

आधी आपल्या उसाकडे पाहू, म्हणजे आंबा लवकर समजेल. उसात साखर भरते ती उभ्या पिकात. कोयता लागला की तिची घट सुरू. तोडलेल्या उसातील विकर, म्हणजे एन्झाइम, साखरेचे तुकडे करू लागतात, पाणी उडून वजन घटते, आणि शिळा ऊस गव्हाणीत पडला की उतारा खाली येतो. म्हणून तर चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे यासाठी सगळी धावपळ.

आंब्याचे नेमके याच्या उलट आहे. झाडावरच्या तयार कैरीत साखर थोडी, स्टार्च म्हणजे पिठूळ द्रव्य जास्त. काढल्यानंतर आढीत त्या पिठाची साखर होते, आंबटपणा उतरतो, रंग चढतो, वास सुटतो. आणि गंमत अशी की, पिकल्या आंब्यात जी साखर जमते तिच्यातील मोठा वाटा सुक्रोजचा असतो. म्हणजे आपल्या पोत्यात भरली जाते तीच साखर! उसाची तोडल्यावर मोडते, आंब्याची काढल्यावर जमते.

तेव्हा आंबा पिकणे म्हणजे नासणे नव्हे. ते एक ठरलेले काम आहे. फळ झाडावरून उतरले तरी जिवंत असते, श्वास घेत असते. द्राक्ष, मोसंबी, डाळिंब ही फळे तोडल्यावर आणखी पिकत नाहीत. आंबा, केळी, टोमॅटो, चिकू यांच्या बाबतीत मात्र एका ठराविक टप्प्यावर श्वासाचा वेग एकदम चढतो आणि त्याच सुमारास फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू तयार करू लागते. हा वायू म्हणजे पिकण्याचा हुकूम. आणि तो असा हुकूम आहे की, एकदा सुटला की स्वतःच स्वतःला वाढवतो. थोडे इथिलीन फळाला लागले की फळ आणखी इथिलीन करते. आढीतला एक आंबा आधी पिकला की शेजारचे भराभर पिकू लागतात, ते याचमुळे. आपल्या आयाबाया पिकलेला आंबा रोज चाचपून बाहेर काढत, त्यात शास्त्रच होते.

फळाच्या पेशीत मेथिओनीन नावाचे एक अमिनो आम्ल असते. त्यापासून दोन-तीन पायऱ्यांनी इथिलीन बनते, आणि शेवटच्या दोन पायऱ्यांवर एकेक विकर काम करतो. ही साखळी कशी फिरते याचा उलगडा १९७९ पर्यंत झाला. प्रत्येक विकर कसा व केव्हा बनवायचा याची कृती पेशीतल्या जनुकात लिहिलेली असते. जनुक हा शब्द जड वाटला तर बेण्याचा डोळा आठवावा. एका डोळ्यातून को ८६०३२ चाच ऊस उगवतो, दुसऱ्यातून फुले २६५ चाच. ते ज्या लिखितामुळे होते त्यातील एकेक कलम म्हणजे जनुक. हे लिखित गुणसूत्रांवर असते. आंब्याची गुणसूत्रे ४०. आपल्या उसाची शंभराच्या वर, आणि तीही जातीगणिक कमी-जास्त. या बाबतीत उसापुढे आंबा अगदी साधा गडी!

गारा कोण उकरतो?

आता मऊ पडण्याचे. कैरी कडक असते, कारण तिच्या पेशी भिंतीतल्या विटांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. मधला गारा म्हणजे पेक्टिन. इथिलीनचा हुकूम सुटला की काही विकर बनतात आणि हा गारा उकरू लागतात. कोणी पेक्टिनच्या साखळ्या तोडतो, कोणी त्यांच्या फांद्या छाटतो, तर कोणी एक्स्पान्सिनसारखे प्रथिन भिंतीचे धागेच सैल करते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत दशहरी आंब्यावर हे काम झाले. इथिलीन लागताच लवकर जागे होणारे एक एक्स्पान्सिनचे जनुक त्यांना सापडले आणि फळ मऊ पडण्याशी त्याचा मेळ बसला. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

याखेरीज साल किती जाड, तिच्यावर मेणाचा थर किती, म्हणजे पाणी किती उडणार, हेही आहे. कच्च्या आंब्याच्या सालीत आणि चिकात बुरशीला रोखून धरणारी द्रव्ये असतात. फळ पिकते तशी ती कमी होतात आणि मग इतके दिवस सालीत दबा धरून बसलेला करपा काळे डाग होऊन बाहेर पडतो. देठकुजीचेही तसेच. आपण म्हणतो, आंबा नासला. पण रोगाची बुरशी बहुधा बागेतूनच आलेली असते. आढीत तिला फक्त संधी मिळते.

म्हणजे "आंबा किती दिवस टिकतो" हा एक गुण नाही. हुकूम केव्हा सुटतो, किती जोरात सुटतो, गारा उकरणारे किती आणि किती चपळ, साल कशी, बुरशीला तोंड देण्याची ताकद किती, अशा पाच-सात गोष्टींची ती बेरीज आहे. प्रत्येकीच्या मागे वेगळी जनुके. नीलम टिकाऊ, तोतापुरी टिकाऊ, बंगनपल्ली बऱ्यापैकी टिकाऊ आणि हापूस पिकल्यावर नाजूक, हे बाजारातला हमालही सांगेल. त्याच्या मागचे कारण हे असे आहे.

एकच जनुक बंद केले तर काम भागेल का? अमेरिकेत हा प्रयोग टोमॅटोवर झाला. पेक्टिन तोडणाऱ्या एका विकराचे जनुक दाबून तयार केलेला टोमॅटो १९९४ मध्ये बाजारात आला. गाजावाजा पुष्कळ झाला. पण फळ म्हणावे तसे कडक राहिले नाही, धंदाही बसला नाही, आणि काही वर्षांतच तो बाजारातून गेला. एका उकरणाऱ्याचे हात बांधले तरी बाकीचे मोकळे होते! दुसरा मार्ग निसर्गानेच दाखवला होता. पिकण्याचा हुकूमच अडवणारा एक बदल टोमॅटोत आपोआप झालेला आढळला व १९६८ मध्ये त्याची नोंद झाली. असा बदल आई-बापांपैकी एकाकडूनच आला तर टोमॅटो पिकतो, पण सावकाश. लांबच्या बाजारात जाणारे पुष्कळ संकरित टोमॅटो या जातीचे आहेत. त्यांची चव मात्र फिकी पडली, ही तक्रार खाणारा करतोच.

टिकला, पण गोडी?

टिकाऊपणा आणि चव यांची ही ओढाताण आंब्यातही आहे. १८८९ मध्ये हिंदुस्थानातून मलगोबाची कलमे अमेरिकेतील फ्लोरिडात गेली. थंडीच्या कडाक्यात त्यांतले एकच झाड वाचले. त्याच्या कोयीतून पुढे हेडन ही जात आली आणि हेडनच्या कोयीतून टॉमी ॲटकिन्स. फ्लोरिडातल्या आंबेवाल्यांच्या मंडळाने टॉमी ॲटकिन्सला पहिल्यांदा नापसंतच केले होते. धागा जास्त, चव बेताची. पण साल जाड, रंग लालभडक, रोगाला दाद न देणारा आणि पेटीतून हजारो मैल गेला तरी न दबणारा. बागाईतदारांनी तो लावला आणि अमेरिका-युरोपच्या दुकानांत कितीतरी वर्षे त्याचेच राज्य राहिले. आपल्या मलगोबाची ही नात! चवीत आजीच्या पासंगालाही पुरत नाही, पण सगळे जग फिरून आली.

आम्हाला हे उदाहरण महत्त्वाचे वाटते, कारण "टिकाऊ जात लावा" हा सल्ला देणे सोपे आहे. टिकाऊ पण बेचव आंबा आपल्या गिऱ्हाइकाच्या गळी उतरत नाही.

आपल्याकडच्या पैदासकारांनी दोन्ही साधण्यासाठी दक्षिणेतल्या नीलमला हाताशी धरले. नीलम दर वर्षी फळतो आणि टिकतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने नीलम आणि दशहरी यांच्या संकरातून मल्लिका आणि आम्रपाली काढल्या. कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांच्यापासून रत्ना काढली. ती १९८१ मध्ये प्रसारित झाली. रत्नाची मोठी गोष्ट म्हणजे तिच्यात साका नाही.

साक्याचे दुखणे सभासदांना सांगायला नको. वरून आंबा सोन्यासारखा, कापला की कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. पेटी परत येते आणि गिऱ्हाईक कायमचे जाते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतील अभ्यासातून असे पुढे आले की, यात कोयीचा हात आहे. झाडावरच्या फळात असतानाच कोयीतल्या बीला रुजण्याची घाई होते आणि त्यातून गराची घडी बिघडते. हापूसला ही खोड आहे, नीलमला नाही. तिथे आढीचा काय दोष? तरीही रत्नाने हापूसची जागा घेतली नाही. चवीच्या बाबतीत लोक हट्टी असतात, आणि आम्हीही त्यांतलेच.

अशी जात काढणे उसापेक्षाही जिकिरीचे आहे. मोहोरात हजारो फुले, टिकतात बोटांवर मोजण्याइतकी फळे. एका फळात कोय एकच. तिच्यापासून झालेल्या झाडाला फळ यायला निदान सहा-सात वर्षे, आणि बहुतेक झाडे शेवटी टाकाऊच निघतात. म्हणून आता झाड लहान असतानाच पान तपासून आतले लिखित वाचता यावे, असा प्रयत्न चालू आहे. हापूसचे सगळे लिखित २०२० मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. अक्षरे सुमारे ३९ कोटी, जनुके ३४ हजारांवर. दिल्लीतही आम्रपालीवर असे काम झालेले आहे. हापूस आमचा आणि पोथी चीनमध्ये वाचली गेली, याची रुखरुख वाटते खरी. पण पोथी वाचून झाली तरी टिकाऊपणाची कलमे कोणती, कोणत्या पानावर, हे सगळे लागायला अजून वेळ आहे.

एका हापूसचे दहा हापूस नाहीत

येथे एक शंका येते. हापूस सगळीकडे हापूसच, मग देवगडचा वेगळा आणि आपल्या बांधावरचा वेगळा का? लिखित दोन्हींचे एकच, कारण सगळी कलमे एका मूळ झाडाच्या काड्या. पण लिखित तेच असले तरी जमीन, हवा, पाणी यांनी काम कमी-जास्त होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने देवगड, वेंगुर्ले आणि दापोली येथील हापूसचा वास तपासला, तेव्हा ठिकाणाप्रमाणे त्यात फरक दिसला. टिकण्याचेही तसेच समजावे.

म्हणून हाताळणीला महत्त्व आहेच. आंबा चौदा आणे तयार झाल्यावर काढावा. पाण्यात टाकला तर बुडाला पाहिजे. देठ ठेवून झेल्याने उतरवावा, चीक सालीवर सांडू देऊ नये, उन्हात ढीग घालू नये. शीतगृहात ठेवायचा तर १३ अंशांच्या खाली नेऊ नये. त्याखाली आंब्याला थंडी बाधते, साल काळवंडते आणि बाहेर काढल्यावर तो नीट पिकत नाही. बटाट्याच्या शीतगृहात आंबा ठेवून पाहणाऱ्यांना हा अनुभव आहे. थंडाव्याने दिवस लांबतात, पण तेही जातीच्या मापाने.

कार्बाइडबद्दल दोन शब्द. त्या पुडीतून निघणारा वायू इथिलीनचे सोंग घेतो आणि कच्च्या आंब्यालाही हुकूम देतो. रंग येतो, आतले काम अर्धेच राहते. शिवाय पुडीत आर्सेनिकसारखी विषे असू शकतात. कार्बाइडने फळे पिकवून विकण्यास कायद्याने बंदी आहे. पिकवायचेच तर बंद खोलीत दहा लाखांत १०० भागांपर्यंत इथिलीन वायू वापरण्यास २०१६ पासून परवानगी आहे. पण तोही पिकवतो, टिकवत नाही.

आता त्या सभासदांच्या प्रश्नाकडे. त्यांचा हापूस आणि केशर ही कलमे. तसली झाडे महाराष्ट्रात लाखो असतील. रायवळ मात्र कोयीचा. आपल्याकडच्या आंब्याच्या कोयीतून सहसा एकच रोप येते, आणि त्यात आईचा अर्धा आणि बापाचा अर्धा वाटा असतो. बाप कोण, हे वाऱ्याला नि माशीलाच ठाऊक! म्हणून प्रत्येक रायवळ झाड जगात एकटे असते. आपले वाडवडील हे ओळखून होते. शेप्या, गोटी, साखऱ्या, खोबऱ्या अशी झाडागणिक नावे उगीच नव्हती. हा लोणच्याचा, हा रसाचा, हा आषाढापर्यंत पुरणारा, असा निवाडा घरातल्या बाईच्या तोंडी असे. त्या रायवळात सावकाश सुटणारा हुकूम आणि चिवट साल यांची जोडी पडली असावी. नक्की काय ते तपासल्याशिवाय कळणार नाही. एवढे खरे की तो गुण आढीत आलेला नाही, कोयीतून आलेला आहे.

हे आम्ही त्यांना सांगायला गेलो, तेव्हा ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "झाड दिलंय साहेब लाकडाच्या मापानं. त्याचा वसवा दोन गुंठं ऊस खातो."

आम्ही काय बोलणार? पाटाचे पाणी आले, लिफ्ट झाल्या, तसतशा या खोऱ्यातल्या आमराया उसासाठी मोडल्या. त्यात आपल्या सर्वांचा हात आहे, आणि ऊस लावा म्हणून सांगणाऱ्यांत आम्हीही होतो. दोन गुंठ्यांचा ऊस हा हिशेब खोटा नाही. पण ते झाड पडले की तसले दुसरे कुठूनही आणता येणार नाही, हाही हिशेबच आहे. तोडणी दिवाळीपर्यंत लांबवायला त्यांनी व्यापाऱ्याला राजी केले. जुलैत तीन-चार महिन्यांच्या सात काड्या निवडल्या, आठ दिवस आधी त्यांची पाने छाटून डोळे फुगवून घेतले आणि दहा-पंधरा दिवसांच्या, तांबूस पानांच्या रोपांवर कोय कलमे बांधली. सातांपैकी तीन लागली. झाड दिवाळीनंतर पडले. तीन कलमे त्यांच्या परसात आहेत. एकाला यंदा मोहोर आला होता, तो खुडून टाकला, झाड अजून लहान आहे.

ज्या सभासदांच्या बांधावर असे टिकणारे रायवळ असेल, त्यांनी या हंगामात एकाच दिवशी उतरवलेली पाच फळे साध्या गवतात ठेवावीत आणि उतरवल्याची व मऊ पडल्याची तारीख लिहून ठेवावी. चव कशी, धागा किती, साका निघाला का, तेही लिहावे. वीस दिवसांच्या पुढे फळ चांगले राहिले तर जूनअखेर आपल्या गट ऑफिसात कळवावे, म्हणजे काड्या घेण्यास माणूस पाठवता येईल. अशा वाणाची नोंद शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर करता येते. तशी तरतूद २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात आहे. त्याचे कागद करण्यास शेतकी खाते मदत करील. झाड तोडायचे ठरले असेल तर तेही कळवावे, म्हणजे त्या झाडाच्या काड्या आधी घेता येतील.